ढोराच्या दवाखान्यातले सोपानबप्पा

बाईमाणसानं असलं काही लिहू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथंच थांबावं. मी सव्वीस वर्षं नर्स आहे. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर येतं ते सगळं मी या हातांनी पुसलंय आणि मला त्यातल्या कशाचीच लाज वाटलेली नाही. मला राग येतो तो माणसांच्या गप्प बसण्याचा. सोपानबप्पा जाऊन आता दोन वर्षं होतील. गावात त्यांचं नाव निघालं की म्हातारे अजून हसतात, आणि हसता हसता इकडंतिकडं बघतात. त्यांच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला पाहिजे, आणि आमच्या गावात दुसरं कोण लिहिणार आहे?

आमचं गाव सिरसाळ्याजवळ. गावात सरकारी दवाखाने दोन, एक माणसांचा आणि एक ढोरांचा, आणि दोघांत मिळून भिंत एक. भिंतीच्या इकडं मी, तिकडं बप्पा. ते हुद्द्यानं ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्टी बांधणारे. पण ढोराचे खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणार, तेही आले तर. त्यामुळं बाकीचे दिवस गावाचे डॉक्टर बप्पाच. रिटायर झाल्यावरही ते रोज सकाळी येऊन ओट्यावर बसायचे. नव्या ड्रेसरनं एकदा, 'बप्पा, आता आराम करा' म्हणून पाहिलं. बप्पा म्हणाले, 'आराम म्हशीला सांग. ती व्यालीय.'

आवाज असा की भिंत असून नसल्यासारखी. माझ्याकडं एखादी पहिलटकरीण टेबलावर झोपलेली असायची आणि पलीकडून बप्पा गरजायचे, 'मुतली का? कवा? धार कशी हाय, सरळ का थेंब थेंब?' पोरगी दचकून माझ्याकडं बघायची. मी सांगायचे, 'तुला नाही गं बाई, म्हशीला.'

जनावर बोलत नाही, म्हणून मालकाला लाज वाटेपर्यंत विचारायचं, ही त्यांची पद्धत. पाणी किती प्यालं, शेण पातळ का घट्ट, लघवीचा रंग कसा. मालक 'बघितलं न्हाई' म्हणाला की बप्पांचा पारा चढायचा. 'दिवसभर बैलाच्या मागं चालतूस आन् बघितलं न्हाई? मग काय आभाळ बघत चालतूस का बे?' सुई टोचायच्या आधी जनावराला सांगायचे, 'टोचतो बरं का माय.' माणसाचं वय ते दातांवर मोजायचे. मी पहिल्यांदा या गावात रुजू झाले तेव्हा त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि सरपंचांना म्हणाले, 'सिस्टर चार दाती हायत अजून. टिकतील.' मला इतका संताप आला होता! पण टिकले.

एकदा ऊसतोडीला निघालेल्या एका माणसानं बैल आणला. बैल पाय झाडत होता, शेपूट सारखी हलवत होता. मालकाला वाटलं पोट दुखतंय. बप्पा बैलाच्या पोटाखाली वाकले, मुतायच्या जागेच्या केसांवरून बोट फिरवलं आणि बोटावर रेतीसारखं काहीतरी लागलं ते मालकाच्या नाकासमोर धरलं. 'खडा हाय. मूत तुंबलंय. डॉक्टरला आत्ता फोन लाव, चिरावं लागंल.' मालक म्हणाला, 'उद्यापर्यंत बघू की.' बप्पा असे ओरडले की मी हातातलं काम टाकून बाहेर आले. 'उद्या? आतली पिशवी फुटल्यावर येतूस का? तुला आडलं तर तू उद्यापर्यंत बघशील का?' डॉक्टर त्याच दुपारी आले, बैल वाचला.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण ज्या माणसानं बैलासाठी अर्धा दिवस थांबू दिलं नाही, तोच माणूस स्वतःसाठी दोन वर्षं थांबला. अडाणी माणूस असता तर मी समजू शकले असते.

मला कळलं ते भिंतीमुळंच. दोन्ही दवाखान्यांच्या मागं एक लिंबाचं झाड आहे आणि गड्यांची मुतारी म्हणजे तेच झाड. बप्पा तिकडं जाताना गाणं म्हणत जायचे आणि दुसरं कडवं संपायच्या आत परत यायचे. मग गाणं बंद झालं. जायचे ते यायचेच नाहीत. आले की पाच-दहा मिनिटांत पुन्हा उठायचे. चहा सोडला. दुपारनंतर पाण्याला हात लावेनात. लग्नात गेले की मांडवाच्या कडेला, बाहेर पडायला सोपी अशी जागा धरायचे. दरवर्षी न चुकता कपिलधारच्या यात्रेला जायचे, त्या वर्षी 'गुडघा दुखतोय' म्हणाले. गुडघा काही दुखत नव्हता. मला माहीत होतं. बीडपर्यंत बसमध्ये बसायची भीती वाटत होती.

त्यांची बायको कौसाबाई एकदा बीपी तपासायला आल्या तेव्हा दार लोटून म्हणाल्या, 'सिस्टर, धा धा येळा उठतेत रातचं. इचारलं तर आंगावर येतेत. तुमीच बघा काही.'

मी विचारलं. दुसरं कोण विचारणार? बप्पांनी ओट्यावरून माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाले, 'खडा हाय. मला कळतंय. हुलग्याचं पानी प्यायलोय, पडंल चार दिसात.' मी म्हटलं, 'बप्पा, वय सहासष्ट. हे खड्याचं लक्षण नाही. तपासून घ्या.' तर म्हणाले, 'सिस्टर, तुमी पोरास्नी पोलिओ पाजा. मुताचं मला शिकवू नका.'

झालं! चाळीस वर्षं बैलांचे खडे पाहिले होते, त्यामुळं तुंबलं म्हणजे खडाच, दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येईना. एरवी पाणी बंद आणि दिवसातून एकदा तांब्याभर हुलग्याचा काढा. म्हणजे दिवसभर कोरडं राहायचं आणि मग एकदम पूर आणायचा. अशी चूक ढोराच्या ड्रेसरशिवाय कुणी करू शकलं नसतं.

त्या थंडीत त्यांना सर्दी झाली. किराणा दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून दोन दिवस खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. दोन्ही हातांनी चौकट धरलेली, तोंडाला घाम. 'सिस्टर, सकाळधरनं एक थेंब न्हाई.' बेंबीखाली हात लावला तर पोट टणक. सर्दीच्या गोळ्यांनी हे होतं, आधीच अडलेल्या माणसाचं साफ बंद होतं, हे मी त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक दुकानदाराला सांगत आले आहे. जीप बोलावली. कौसाबाई एका बाजूला, मी एका बाजूला, मधे बप्पा. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते दात-ओठ खात होते. तेलगाव गेल्यावर म्हणाले, 'बैलाला काय होत आसंल ते आज कळलं.'

बीडच्या दवाखान्यात नळी घातली आणि भांडं भरून गेलं. बप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, दुखण्याचं नव्हे, सुटल्याचं. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. म्हणाले, 'बाबा, आता मागून बोट घालून तपासावं लागेल.' बप्पा ताडकन उठून बसले. 'कुठून?' डॉक्टरांनी सांगितलं. बप्पा म्हणाले, 'न्हाई. जमनार न्हाई. चला घरी.'

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, 'बप्पा, तुम्ही आयुष्यभर किती गाईंच्या मागून खांद्यापर्यंत हात घातलात? एका तरी गाईला विचारलं होतं का? आणि तुम्हाला एका बोटाची लाज वाटते?' कौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टर भिंतीकडं बघत उभे राहिले. बप्पा माझ्याकडं बघत राहिले, बघत राहिले आणि मग फसकन हसले. कुशीवर वळून म्हणाले, 'घाला डाक्टर. पर आधी सांगून. आमी जनावरालाबी सांगतो.'

डॉक्टरांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला एक गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात, मोठ्या सुपारीपेक्षा जराशी मोठी. लघवीची नळी तिच्या पोटातून जाते. वय झालं की ही गाठ बहुतेकांची वाढते, नळी आवळत जाते, पिशवी कधी पूर्ण रिकामी होत नाही. बप्पांच्या गाठीचा हाताला लागणारा मऊपणा चांगला होता, कॅन्सर वाटत नव्हता, तरी रक्त तपासायला घेतलं. खडा एकही नव्हता. सोनोग्राफीत मात्र दोन्ही किडन्या सुजलेल्या दिसल्या, कारण तुंबलेली लघवी वर दाबत होती. 'गोळ्यांनी नळी सैल पडते का ते थोडे दिवस पाहू. नाही पडली तर ऑपरेशन. उशीर केलात तर किडनी जाईल.'

बप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'डाक्टर, एवढे बैल बघितले. त्यास्नी ही गाठ फुगल्याली कावून दिसली न्हाई?'

डॉक्टर हसले. 'तुम्हीच सांगा. बैलाचं तुम्ही काय करता?'

बप्पांच्या लक्षात आलं. खच्ची केलेल्या जनावराची ती गाठ वाढतच नाही. आणि आमच्या पंचक्रोशीतले निम्मे बैल त्यांच्याच खच्ची करायच्या चिमट्याखालून गेलेले. परत येताना जीपमध्ये ते अगदी हळू आवाजात म्हणाले, 'म्हंजी सिस्टर, ऑपरेशन म्हंजी माझंबी तेच.' मी म्हटलं, 'नाही हो. ती जागा वेगळी, हे वेगळं.' पण ज्या माणसानं स्वतःच्या हातानं हजारदा चिमटा दाबलाय त्याला ते पटेना.

नळीची पिशवी मांडीला बांधून ते घरात बसले. खरंच बसले. सोपानबप्पा ओट्यावर नाहीत असं गावानं पहिल्यांदा पाहिलं. पारावरच्या लोकांना तेवढंच पाहिजे होतं. 'बप्पाला बीडला खच्ची करनार हायत' म्हणून दात काढायचे. आणि हे बोलणाऱ्यांपैकी दोघं तिघं स्वतः लिंबाच्या झाडाखाली किती वेळ उभे असतात ते मला खिडकीतून दिसायचं! गोळ्या चालू होत्या. आठ दिवसांनी नळी काढून पाहिली तर पुन्हा बंद, पुन्हा नळी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. बप्पा म्हणाले, न्हाई, मी पिशवीवर जगीन. मग ताप आला, थंडी वाजून. जेवण सुटलं. पाय सुजले.

मी घरी गेले तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. कौसाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी किडनीचं समजावत होते, तेच ते, दहाव्यांदा. कौसाबाईंनी परातीत हात झटकले आणि उठून आल्या. त्या बाईचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

'इकडं बघा. इकडं बघा म्हनते ना! तुमाला गडीपनाची लई पडलीय. पंचेचाळीस वर्स तुमच्या घरात हाय मी. मला एकदा तरी इचारलं का, कौसे, तुला काय पायजे? मला गडी पायजे, जित्ता. बाकीचं काय ऱ्हातंय आन् काय जातंय ते तुमी आन् डाक्टर बघा. पारावरची मानसं मला भाकरी घालायला येनार हायत का?'

बप्पा वळले. मग म्हणाले, 'चाल, भाकर दे.'

दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याचा बाजार होता. पारावर गर्दी. बप्पा घरातून निघाले, आणि पिशवी पायजम्यात नव्हती, हातात होती. भाजीची पिशवी धरावी तशी. अर्धी भरलेली, पिवळी, सगळ्यांना दिसेल अशी. मी लसीकरणाची पेटी घेऊन त्याच वाटेनं चालले होते म्हणून मला हे बघायला मिळालं, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. कुणीतरी उगीच विचारलं, 'बप्पा, हातात काय हाय?'

'मूत हाय,' बप्पा म्हणाले. 'माझं पिशवीत हाय, तुमचं पोटात आडकलंय. येवढाच फरक. मी उद्या बीडला चाललोय कापून घ्यायला. आता हसा. हसून घ्या पोटभर, पर जपून, एखाद्याला थेंब व्हायचा.'

कुणी हसलं नाही. बप्पा तसेच उभ्या बाजारात गेले आणि कोथिंबीर घेऊन आले.

ऑपरेशन झालं. बाहेरून चीर नाही, टाका नाही, लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून वाढलेली गाठ आतून खरवडून काढली. काही दिवस लाल लघवी, मग साफ. पण किडनीचं जे गेलं होतं ते सगळं परत आलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वर्षभर आधी आला असता तर गोष्ट वेगळी असती. बप्पांनी हे लपवलं नाही. उलट ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, 'बैलाला दुपारी बघितलं आन् दुपारीच चिरलं. मला मी दोन वर्स बघितलं. ढोर कोन, सांगा.'

तिथून पुढं त्यांचा ओटा म्हणजे दवाखान्याचा तिसरा विभाग झाला. जनावर घेऊन आलेल्या माणसाला आधी जनावराचं विचारायचे आणि मग त्याच आवाजात, 'आन् तुझं? धार कशी हाय?' पन्नाशी ओलांडलेले गडी गाय दारात सोडून पळायचे. बप्पा मागून ओरडायचे, 'पळ, पळ! पळून मुतायला किती लांब जाशील?' पण एकेक जण अंधार पडायच्या आत, कुणी नाही असं बघून, परत यायचा. बप्पा त्याला सांगायचे की घाबरू नको, सगळ्यांना कापत नाहीत, पुष्कळांचं गोळीवर भागतं. गोळी घेतल्यावर झटकन उठू नको, चक्कर येते. पाणी सोडू नको, फक्त झोपायच्या आधी जरा कमी पी. दुकानातली सर्दीची गोळी खाऊ नको. रक्त तपास, सोनोग्राफी कर. मी इतकी वर्षं तक्ते लावून जे सांगू शकले नाही, ते त्यांनी शिव्या देऊन सांगितलं.

आणि शेवटी प्रत्येकाचा तोच प्रश्न, खाली मान घालून. बप्पा मोठ्यानं उत्तर द्यायचे. 'खच्ची न्हाई करत बे! चिमटा लावनारा मी सांगतोय. बी बाहेर यायच्या ऐवजी आतल्या पिशवीत जातंय, मग लघवीसंगं निघून जातंय, बस. तुला आता या वयात पाळना हलवायचाय का? बाकी समदं जागच्या जागी हाय. कौसाला इचार.' एकदा कौसाबाई नेमक्या डबा घेऊन आलेल्या होत्या. त्यांनी डब्याचं झाकण फेकून मारलं. ते लागलं नव्या ड्रेसरला.

माझी त्यांची शेवटची भेट बसमध्ये झाली. दिवस थंडीचे, मी महिन्याच्या मीटिंगला बीडला निघालेली. बप्पा आधीच बसमध्ये होते, किडनीमुळं खूप वाळलेले, चेहऱ्यावर सूज, पण आवाज तोच. शेजारी नामदेवआबा, आमच्याच गावचे, पंचाहत्तरीचे. पारावर सगळ्यांत जास्त हसलेले ते हेच. बप्पा त्यांना डॉक्टरांकडं घेऊन चालले होते. 'धरून आनलाय,' मला म्हणाले.

तेलगाव सोडल्यावर थोड्या वेळानं आबा चुळबुळ करायला लागले. मांड्या आवळून बसले. कंडक्टरला बप्पांनी गाडी थांबवायला सांगितलं. कंडक्टर म्हणाला, 'वडवणीला स्टँड आहे की बाबा, तिथं जा.'

'वडवणीपस्तर त्याला धीर निघत न्हाई. थांबव बे गाडी.'

'असं मधेच कुठंही थांबता येत नाही.'

बप्पा उठून उभे राहिले, दांडीला धरून, आणि भर बसमध्ये त्यांनी आवाज लावला. 'मानसाला मुतायचंय! चोरी न्हाई करायची, मुतायचंय! थांबव!'

पोरं हसली. बायांनी खिडकीबाहेर तोंडं केली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. बप्पा आबांचा दंड धरून उतरले. मागच्या सीटवरचा एक म्हातारा उठला आणि उतरला. मग अजून एक. मग इस्त्रीचा शर्ट घातलेला, फाईल काखेत धरलेला एक माणूस, माझ्याच वयाचा असेल. पाच जण झाले. हसणं थांबलं होतं. आबांना वेळ लागत होता. कंडक्टरचा हात दोरीकडं गेला तसे बप्पा खालून गरजले, 'घंटी वाजवू नको. घंटी वाजली की त्याचं बंद होतंय.' कंडक्टरनं हात खाली घेतला.

मग बप्पांनी मान वर करून खिडक्यांकडं पाहिलं. 'आन् बायांनो, तुमचं काय? तुमी काय लाकडाच्या हायत का? पलीकडच्या आंगाला ज्वारी उभी हाय डोक्यायेवढी. मी गडी इकडंच धरतो. उतरा.'

कुणी हललं नाही. मी गावोगाव सांगत आले होते, पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका. आणि इतकी वर्षं मीटिंगच्या दिवशी सकाळपासून मी स्वतः घोटभर पाणी पीत नव्हते. मी उठले. माझ्यामागं एक म्हातारी उठली, मग पोरंबाळं असलेल्या दोन बाया, मग अजून काही. रस्ता ओलांडताना मी मागं बघितलं. बप्पा डांबरी रस्त्याच्या मधोमध उभे होते, आमच्याकडं पाठ करून, दोन्ही हात आडवे पसरून, आणि बसमधल्या गड्यांना सांगत होते, 'तोंडं तिकडं करा बे. समद्यांनी.'

मीटिंगला मी वीस मिनिटं उशिरा पोचले. साहेबांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. मी खरं कारण सांगितलं, जसंच्या तसं, मोठ्या आवाजात.